वाचनालयाच्या संगणकाची मुक्ती

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.

वाचनालयाच्या काउंटरसमोर हातात पुस्तक धरून तिष्ठत उभ्या राहिलेल्या माझ्या तमाम सभासद बंधू-भगिनींनो! पडद्यावरचं ते गरगर फिरणारं वर्तुळ तुम्ही पाहिलंत. 'अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका' ही आज्ञा तुम्ही वाचलीत. संगणक आपला, वीज आपली, वेळ आपला, आणि हुकूम मात्र कुठल्याशा लांबच्या कंपनीचा. हे आपण आणखी किती वर्षं सोसणार?

(वार्षिक सभेत अशी सुरुवात करायची. सभा २३ तारखेला. तोवर ही वही माझ्यापुरती.)

निमित्त कालचं. संध्याकाळी पाचला, ऐन गर्दीत, संगणकानं आपणहून अपडेट सुरू केलं. पन्नास मिनिटं. रांग दारापर्यंत. आमच्या ग्रंथपालबाई शांतपणे कागदावर नोंदी करत राहिल्या. याला म्हणतात गुलामीची सवय. बाईंना त्याचं काही वाटेनासं झालं आहे. मला वाटतं. मी वाचनालयाचा कार्यवाह आहे, आणि एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. जुलूम ओळखायला मला वेळ लागत नाही.

संकल्प: याच महिन्यात वाचनालयाचा संगणक जुन्या सिस्टिमवरून लिनक्सवर न्यायचा. मुक्त, मोफत, कुणाच्याही मालकीची नसलेली सिस्टिम. जुन्या कंपनीचं नाव या वहीत लिहिणार नाही. तेवढीही जाहिरात नको.

३ फेब्रुवारी, सोमवार.

वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी. लिनक्सवर तीन लेख वाचले. पहिला पूर्ण. दुसऱ्याचा सारांश. तिसऱ्याचं शीर्षक. विषय समजला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदला. क्रांतिकारकांच्या घरी हे असंच असतं. वाचलेलं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार.

बाईंना योजना सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, सर, मार्चमध्ये करा की, मी गेल्यावर.

बाई २८ तारखेला निवृत्त होतात. एक मार्चला सकाळच्या गाडीनं मुलीकडे जाणार. मुलीचं बाळंतपण आहे. तिकीट काढून झालं आहे. जाण्यापूर्वी त्यांना एकच काम पुरं करायचं आहे: ग्रंथयादी नव्या येणाऱ्या ग्रंथपाल मुलीच्या हातात द्यायची.

ही यादी म्हणजे बाईंची एकोणीस वर्षं. अठरा हजार सहाशे चाळीस पुस्तकं. क्रमांक, नाव, लेखक, सध्या कोणाकडे, आणि शेवटी एक रकाना: शेरा. हा रकाना त्यांनी स्वतःच्या मनानं वाढवला. आज सहज वर-खाली करून पाहिला. एका कादंबरीपुढे लिहिलं आहे, 'घरात नुकतं कुणी गेलं असेल तर देऊ नये.' एका प्रवासवर्णनापुढे, 'भांडून आलेल्यांना द्यावं.' आणखी एका कादंबरीपुढे, 'शेवटची दोन पानं फाटली आहेत, शेवट मला विचारावा.' शास्त्रीय पद्धत नव्हे. पण सभासद येतात आणि म्हणतात, बाई, काहीतरी द्या. आणि बाई देतात, आणि ते बरोबर निघतं.

म्हणून तर मी ठरवलं: २३ तारखेच्या सभेत बाईंच्या निरोपाच्या वेळी ही यादी मुक्त सिस्टिमवर, मुक्त स्वरूपात, त्यांच्याच हातून पुढच्या पिढीला द्यायची. मार्चपर्यंत थांबा म्हणे. इतिहास सोयीच्या तारखा बघून घडत नसतो. बाईंना तसं सांगितलं. बाई बरं म्हणाल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

समोरच्या रस्त्यावर संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. मालकाला सगळा रस्ता 'स्क्रू' म्हणतो, तोही ओ देतो. त्याला विचारलं. म्हणाला, पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो, आधी सगळा डेटा बाहेर काढून घेऊ, अर्धा-पाऊण तास जाईल, मग सिस्टिम. आणि मी येईपर्यंत हात लावू नका.

हात लावू नका. ज्ञान मूठभरांच्या हातात कोंडून ठेवायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, हात लावू नका. या एका वाक्यावर मी विद्यार्थ्यांपुढे तास-तास बोललो आहे.

संकल्प: स्वतः करणार.

९ फेब्रुवारी, रविवार.

कार्यकारिणीची बैठक. प्रस्ताव मांडला. बावीस मिनिटं बोललो. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला: दुखणार नाही ना? ठराव एकमतानं मंजूर. बाई इतिवृत्त लिहीत होत्या. 'यादीची प्रत आधी काढून ठेवावी' असं त्यांनी स्वतःहून त्यात घातलं. घालू द्या.

१० फेब्रुवारी, सोमवार. सुट्टी. ऐतिहासिक दिवस.

९.१०. वाचनालयात मी एकटा. खुर्चीवर उशी घेतली. बाईंची खुर्ची खचलेली आहे, कार्यकारिणीत विषय घ्यायला हवा.

९.२०. पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर 'ग्रंथयादी' नावाचं चित्र आहे, बाई रोज त्यावरच क्लिक करतात. ते माऊसनं ओढून पेनड्राइव्हवर टाकलं. एका सेकंदात काम झालं. अठरा हजार पुस्तकं, एका सेकंदात. स्क्रू पाऊण तास म्हणाला होता. हे तज्ज्ञ.

९.२५. मी भोळा नाही. खात्री करायला पेनड्राइव्हवरच्या चित्रावर क्लिक केलं. यादी उघडली. शेऱ्यांसकट. तरीही दुसऱ्या पेनड्राइव्हवर दुसरी प्रत घेतली. इतका सावध माणूस आमच्या कार्यकारिणीत दुसरा नाही.

९.५०. नवी सिस्टिम बसायला लागली. तिनं विचारलं: जुन्या सिस्टिमच्या शेजारी बसवू, की डिस्क पूर्ण पुसून बसवू? मला हसू आलं. शेजारी! दोघींनी एकाच घरात गुण्यागोविंदानं नांदायचं! मी आयुष्यात तडजोड केलेली नाही, म्हणून तर मुख्याध्यापक झालो नाही. 'पूर्ण पुसा.'

सिस्टिमनं पुन्हा विचारलं: खात्री आहे का? हा प्रश्न मला घरीही आवडत नाही.

११.१५. झालं. स्वच्छ, निळाशार पडदा. फिरतं वर्तुळ नाही, हुकूम नाही. डोळे भरून आले.

११.२५. पेनड्राइव्ह लावला. 'ग्रंथयादी'वर क्लिक केलं. उघडली नाही. किरकोळ.

१२.४०. अजून किरकोळच.

१.३०. दुसरा पेनड्राइव्ह. तोच प्रकार. हिचा फोन, जेवायला येताय ना. काम रंगात आलंय म्हणालो.

२.१५ ते ३.३०. यादी उघडण्यासाठी लागतील असं वाटून चाळीस मोफत प्रोग्रॅम उतरवून घेतले. सगळे उत्तम चालतात. यादी उघडत नाही.

४.००. पेनड्राइव्हवरच्या यादीचा आकार पाहिला. माझं एका पानाचं पत्रसुद्धा याहून मोठं असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

बाई यायच्या आत संगणकावर सूचना चिकटवली. 'यंत्रणा संक्रमणावस्थेत आहे. सभासदांनी सहकार्य करावे.' अक्षर छान आलं.

बाई नऊला आल्या. पर्स खिळ्याला अडकवली. सूचना वाचली. माऊस थोडा हलवला, पडद्याकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून एक कोरी वही काढून रेघा आखायला बसल्या. रेघा आखता आखता विचारलं, यादी आहे ना, सर? मी म्हणालो, बाई, यादी पूर्णपणे सुरक्षित आहे. बरं, म्हणाल्या.

माझ्या आवाजातला ठामपणा पोचला असावा.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

स्क्रूकडे गेलो. दोन्ही पेनड्राइव्ह त्याच्यापुढे ठेवले. त्यानं पाहिले आणि पेन्सिल कानावरून काढून खाली ठेवली.

"सर, ही यादी नाही. ही यादीकडे जायची पाटी आहे. जुन्या संगणकात यादी होती, म्हणून पाटीवर क्लिक केल्यावर ती उघडली. तुम्ही घर पाडलंत आणि दारावरची पाटी तेवढी उचलून आणलीत."

दोन पाट्या आणल्या, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं.

पुढे त्यानं विचारलं की पुसल्यानंतर संगणकावर आणखी काही भरलंत का, कारण पुसलेल्या जागेवर नवं बसलं की जुनं मिळत नाही. चाळीस प्रोग्रॅमचा उल्लेख मी ओझरता केला. त्यानं पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. मग म्हणाला, डिस्क काढून आणतो, चार-पाच दिवस द्या, वचन देत नाही.

तूर्त बाईंच्या कानावर घालू नका, एवढं त्याला सांगून ठेवलं. उगाच त्यांच्या जिवाला घोर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

बिनडिस्कच्या संगणकावर टॉवेल झाकून ठेवला आहे. बाई वहीवर काम करतात.

'रहस्यकथा' काका आले. पेन्शनर आहेत, खुनाच्या कथांशिवाय काही वाचत नाहीत. आपण कुठल्या वाचल्या हे त्यांना आठवत नाही, ते बाईंच्या यादीत असतं. मंगळवारी यादीविना पुस्तक नेलं. नव्वदाव्या पानावर त्यांना खुनी कोण ते आठवलं. भयंकर चिडले होते. मी त्यांना म्हणालो, पुनर्वाचन हे सुसंस्कृत मनाचं लक्षण आहे. काका म्हणाले, मग तुम्हीच न्या.

दुपारी एक बाई आल्या. नवऱ्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना वाचून दाखवायला काहीतरी द्या म्हणाल्या. आमच्या बाई उठून कपाटांमधून दोन फेऱ्या मारून आल्या. हसवणारं नको, टाके दुखतात, असलं काहीतरी लिहून ठेवलं होतं कशापुढे तरी, असं पुटपुटत होत्या. शेवटी एक पुस्तक दिलं, पण देताना हात जरा थांबला. मी तिकडे पाहिलं नाही.

पाचच्या सुमारास बाईंना मुलीचा फोन. डॉक्टर म्हणतात, तारीख अलीकडे सरकेल. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, यादी पंचवीसपर्यंत उघडेल ना? नव्या ग्रंथपाल मुलीला दोन दिवस शेजारी बसवून दाखवायची आहे. मी म्हणालो, उघडणार म्हणजे उघडणारच.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

संकल्प: आज बाईंना सांगायचं.

९.३०. सांगायला गेलो. प्रास्ताविकानं सुरुवात केली. मानवी इतिहासात ग्रंथालयं कशी कशी नष्ट झाली, तिथून. प्रास्ताविक अकरा मिनिटं झालं. तेवढ्यात सभासद आले.

१२.००. पुन्हा गेलो. बाई डबा खात होत्या. जेवताना नको.

३.३०. बाईच म्हणाल्या, सर, काही बोलायचं होतं का? मी म्हणालो, खुर्चीबद्दल. तुमची खुर्ची खचली आहे. बाई म्हणाल्या, नऊ वर्षं झाली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

स्क्रूचा निरोप. पाच दिवस डिस्क खणून एकूण हाती लागलं ते: जुन्या सिस्टिमचं हिरव्या टेकडीचं एक चित्र, आणि बाईंकडून टाइप करून घेतलेली माझी चार भाषणं. यादी नाही. एक शेरासुद्धा नाही.

भाषणं मात्र अक्षरन्‌ अक्षर शाबूत आहेत. यालाही काही अर्थ असेल.

शांतपणे विचार केला. दाखल रजिस्टर कपाटात आहे, त्यात प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक आणि नाव शाईनं लिहिलेलं आहे. म्हणजे पुस्तकं गेलेली नाहीत. मग गेलं काय? फक्त शेरे. आणि कोणाकडे काय आहे ते. बस्स.

रात्रभर डोळा लागला नाही. कॉफीमुळे.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

जबाबदारी निश्चित व्हायला हवी. एवढ्या मोठ्या यादीची दुसरी प्रत आजवर कुणीच कशी ठेवली नाही? हा निष्काळजीपणा कोणाचा? सभेत नाव घेऊन सांगायचं ठरवलं. म्हणून सहा वर्षांची इतिवृत्तं काढून बसलो.

सापडलं. 'यादीची प्रत ठेवण्यासाठी वेगळी डिस्क घ्यावी, अशी ग्रंथपालांची मागणी.' तीन वेगवेगळ्या वर्षी. तिन्ही वेळा खाली निर्णय: 'विषय पुढील सभेत घ्यावा.' तिन्हींखाली सही एकाच माणसाची. सही ठसठशीत आहे. माझी.

सभेत नाव घ्यायचा विचार सोडला. व्यक्तींवर टीका मी करत नाही.

घरी हिला सगळं सांगितलं. हिनं भाजी निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "एक वाक्य आहे. 'बाई, यादी माझ्या हातून पुसली गेली.' म्हणा बघू."

म्हणायला लागलो. ही घड्याळाकडे बघत होती. नऊ मिनिटं झाली, म्हणाली, आणि अजून 'पुसली' आलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.

सभा झाली. सत्तर-ऐंशी माणसं. पंचेचाळीस मिनिटं बोललो. गुलामी, मुक्ती, ज्ञानावरची मक्तेदारी. टाळ्या सहा वेळा. बाईंच्या सेवेचा सविस्तर गौरव केला. शेवटी म्हणालो, बाईंची यादी आज सुरक्षित हातांत आहे. सातव्यांदा टाळ्या.

बाईंना बोलायची विनंती केली. त्या उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, येते, म्हणाल्या आणि बसल्या.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं खुर्च्यांच्या घड्या घालत होतो. बाई माझ्याकडे न बघता बोलल्या.

"मंगळवारीच कळलं होतं मला, सर. माऊस हलवला तेव्हाच. तुम्ही कधी सांगता, ते बघत होते. आज बारा दिवस झाले."

मी हातातल्या खुर्चीची घडी उलगडून पुन्हा घातली.

"पुस्तकं कुठं जात नाहीत," त्या म्हणाल्या. "पण कुणाला काय द्यायचं, ते त्यात होतं. ती नवी मुलगी चांगली आहे हो. पण ती काउंटरवर बसणार आणि समोर माणूस येऊन म्हणणार, काहीतरी द्या. तिनं काय द्यायचं?"

आणि खुर्च्या भिंतीला लावून त्या गेल्या. शेवटची खुर्ची माझ्या हातात होती, ती ठेवायची राहिली.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सुट्टी.

सकाळी स्क्रूनं डिस्क परत बसवून दिली. लिनक्स झकास चालते. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मी वाचनालयात पोचलो तर बाई आधीच आलेल्या. तिथे ते वाक्य म्हणालो. मध्ये काही न घालता. माहीत आहे, म्हणाल्या, बसा, रजिस्टर घ्या, तुमचा आवाज मोठा आहे, नावं वाचा.

मी स्टुलावर बसून नावं वाचली, बाई नव्या सिस्टिमवर नोंद करून पुढे शेरा आठवायच्या. अकरा ते पाच. दोनशे बारा पुस्तकं झाली. या वेगानं अठ्ठ्याऐंशी दिवस लागतील. गाडी शनिवारी आहे.

आणि शेरे फक्त एकतीस आठवले. मी नाव वाचायचो, त्या डोळे मिटायच्या, आणि मान हलवायच्या. पाचला त्यांनी कीबोर्डवरून हात काढले.

"मला पुस्तकावरून नाही आठवत, सर. माणसावरून आठवतं. समोर आलं ना कुणी, की कळतं, यांना हे का दिलं होतं."

मी रजिस्टर मिटलं. अठरा हजार पुस्तकांची माणसं बोलवायची तरी कशी, असं त्यांना विचारणार होतो. विचारलं नाही. बोलवायचं काम माझं.

जाहीर आवाहन लिहिलं. तीन पानं. सुरुवात ज्ञानाच्या महामार्गापासून केली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

तीन पानं बाईंना दाखवली. त्यांनी पेन्सिल घेतली. पहिलं पान पूर्ण गेलं. दुसऱ्यावर 'संक्रमणाच्या अपरिहार्य ऐतिहासिक प्रक्रियेत यादी लुप्त झाली' होतं, त्यावर काट मारून त्यांनी वर चार शब्द लिहिले. तिसऱ्यातलं एक वाक्य राहिलं. मी म्हणालो, निदान 'बंधू-भगिनींनो' तरी असू द्या. बाई म्हणाल्या, ते असू द्या.

दारावर लावलं. चौकात, दवाखान्यात आणि स्क्रूच्या दुकानातही लावलं. मजकूर इथे उतरवून ठेवतो.

सभासद बंधू-भगिनींनो,

वाचनालयाची ग्रंथयादी कार्यवाहांनी पुसली. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे आणि ते त्यांना का दिलं होतं, याची नोंद आता फक्त बाईंच्या डोक्यात आहे, आणि बाई शनिवारी जाणार आहेत.

बुधवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते रात्री आठ बाई काउंटरवर आहेत. कार्यवाह टाइप करतील. भाषण होणार नाही.

घरात वाचनालयाचं जे पुस्तक असेल, ते घेऊन या आणि बाईंच्या समोर उभे राहा.